कांस आणि कास्तकार

शरद ऋतूच्या वर्णनांत संस्कृत कवींनीं काशपुष्पांना मोठें मानाचें स्थान दिलें आहे. कालिदासाच्या ऋतुसंहारांत तर शरद ही नववधूच्या रूपानें येते आणि तिच्या अंगावरील वस्त्र काशफुलांचें असतें. पावसाळा सरतांना नदीकांठच्या वाळूंत पुरुषभर उंचीच्या या गवताला पांढरे शुभ्र तुरे येतात, वाऱ्याबरोबर त्यांच्या लाटा उठतात, आणि कवीला वस्त्राची आठवण व्हावी यांत नवल नाहीं. परंतु हेंच गवत नदीचा कांठ सोडून गव्हाच्या शेतांत शिरलें, कीं त्या शोभेकडे पाहण्यास शेताच्या धन्याला उसंत उरत नसे. बुंदेलखंड, सागर, दमोह, भोपाळ व नर्मदेचें खोरें या मुलखांत त्याला कांस म्हणतात. आणि तेथील शेतीचा इतिहास सांगतांना सुभेदार, कलेक्टर व सावकार यांच्या बरोबरीनें या गवताचेंही नांव घ्यावें लागतें.

हा मुलूख मराठी वाचकाला परका नाहीं. छत्रसालाच्या हांकेला धावून बाजीरावानें १७२९ मध्यें बंगषाचा पराभव केला, आणि १७३१ मध्यें छत्रसाल निवर्तल्यावर त्याच्या राज्याचा सुमारें तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. गोविंदपंत बुंदेल्यांनीं सागर येथें आपलें ठाणें केलें; झाशीस नेवाळकर नांदले. पुढें १८०३ मध्यें बुंदेलखंडाचा बराच भाग आणि १८१८ मध्यें सागर इंग्रजांकडे गेलें, १८५४ मध्यें झाशी खालसा झाली. राजकारणाची ही बखर सर्वांना ठाऊक आहे. त्या राजकारणाचा खर्च ज्या गव्हावर व हरभऱ्यावर चालला, त्या शेतांची बखर मात्र फारशी कोणी वाचीत नाहीं.

कांसाचा स्वभाव समजण्यास आपल्याकडील हरळी-कुंद्याचा अनुभव उपयोगी पडेल. वर्षभरांत उगवून, फुलून, मरून जाणारें तण हें पाहुण्यासारखें असतें. बीं धरण्यापूर्वीं खुरपून काढलें म्हणजे त्याचा त्रास आटोक्यांत राहतो. बारमाही तणाची गोष्ट निराळी. त्याचा जीव पानांत नसून जमिनीखालच्या खोडांत असतो. हरळीच्या काशा वेचून बांधावर टाकाव्या, आणि एखादें पेर मातींत राहून गेलें तर पहिल्या पावसाबरोबर तेथून पुन्हां अंकुर फुटावा, हें दख्खनच्या काळ्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या चाललें आहे. कुंद्यानें धरलेलें शेत मोडावयाचें तर आठ-आठ, दहा-दहा बैलांचा जड नांगर जुंपावा लागे, आणि ज्याच्या घरीं एकच जोडी तो शेजाऱ्यांशीं सावड करी किंवा शेत तसेंच पडूं देई. कांस हें त्याच जातीचें, पण आकारानें व बळानें कितीतरी मोठें. त्याचीं मुळें सहा-सात फूट खोल जातात. जमिनीखालचें आडवें खोड पेरांपेरांनीं सरकत जातें, आणि त्याचा तुकडा तोडला तर एका झाडाचीं दोन झाडें होतात. वरून बीं इतकें हलकें व केसाळ, कीं वारा तें कोसभर सहज नेईल. वरचें गवत कापणें म्हणजे त्याची हजामत करण्यापैकींच आहे.

असें असतां कांस सगळीकडे का पसरलें नाहीं? याचें उत्तर त्या मुलखाच्या मातींत व शेतीच्या रीतींत सांपडतें. बुंदेलखंडांत जमिनीचे मार, काबर, पडुआ व राकड असे चार प्रकार लोक मानतात. त्यांत मार ही काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन. गव्हाला तीच उत्तम, आणि कांसालाही तीच प्रिय. उत्तम जमिनीलाच हें तण धरतें, हा त्यांतला खरा कांटा होय. सारा बसवितांना मारेचा दर अधिक, आणि कांस आलें कीं बुडणारें उत्पन्नही तिचेंच अधिक.

आतां रीत पहा. गव्हाच्या या पट्ट्यांत पावसाळ्यांत शेत मोकळें ठेवीत आणि पावसानें उघडीप दिली कीं वखराच्या पाळ्या देत. वऱ्हाड-नागपुराकडील वाचकांना वखर ठाऊकच आहे. त्याचें लोखंडी पातें चार बोटें खालून सरकतें व उगवणाऱ्या तणाचीं मुळें छाटतें. ज्या वर्षीं उघडीप वेळेवर मिळते व बैल धट्टेकट्टे असतात, त्या वर्षीं कांसाला डोकें वर काढतां येत नाहीं. तें मरत नाहीं. परंतु प्रत्येक वेळीं नवा अंकुर फोडण्यांत खालच्या खोडांत साठविलेलें अन्न खर्च होतें, आणि पानें उन्हांत पोसलीं जाण्यापूर्वींच पुन्हां छाटलीं गेल्यामुळें ती तूट भरून येत नाहीं. चार-पांच पाळ्यांत तें खंगतें. शेतकऱ्याचें सारें यश या पाळ्यांच्या सातत्यांत होतें, वखराच्या धारेंत नव्हतें.

हें सातत्य तुटलें कीं काय होई, तें इतिहासानें वारंवार दाखविलें आहे. एखाद्या वर्षीं पावसानें जुलै ते सप्टेंबर उसंतच दिली नाहीं, तर मारेच्या चिखलांत बैलाचा पाय रुतूं लागतो व वखर घरींच राहतो. कांस त्या अडीच महिन्यांत गुडघाभर होतें. पुढच्या वर्षीं तेंच शेत मोडावयास दुप्पट कष्ट पडतात. आणि त्याच वर्षीं दुष्काळ येऊन बैल मेले असतील, तर तें शेत सुटलेंच म्हणून समजावें. झाशी जिल्ह्यांत १८६८-६९ च्या दुष्काळानंतर असेंच घडलें. माणसें व गुरें मेलीं, कांहीं लोक माळव्याकडे निघून गेले, आणि सुटलेल्या शेतांत कांसानें ठाण मांडलें. सारा मात्र कागदावर होता तसाच राहिला. पिकणाऱ्या शेतांनीं पडीक शेतांचाही सारा भरावयाचा, असा तो प्रकार झाला. मग सावकाराचें दार उघडें होतेंच. कर्जांत बुडालेल्या जमीनदारांना सोडविण्यासाठीं सरकारला १८८२ मध्यें झाशीकरितां निराळा कायदा करावा लागला, आणि १९०३ मध्यें साऱ्या बुंदेलखंडांत शेतकरी नसलेल्यांच्या हातीं जमीन जाऊं नये म्हणून दुसरा. या कायद्यांच्या मागचें कारण शोधूं गेल्यास जड सारा, अवर्षण व व्याज यांच्याबरोबर गवताचे तुरेही दिसतात.

सागर व दमोह येथें हीच गोष्ट पंचवीस वर्षांनीं घडली, आणि ती अधिक दुःखद अशासाठीं, कीं त्यापूर्वींचीं वर्षें चांगलीं गेलीं होतीं. रेल्वे आल्यानें गव्हाला परदेशीं गिऱ्हाईक मिळालें होतें. भाव चढे होते. आणि भावाच्या मागोमाग सरकारी बंदोबस्तानें साराही चढला. नेमकी त्यानंतर १८९३ पासून लागोपाठ तीन वर्षें अवेळीं पावसानें व तांबेऱ्यानें गव्हाची खराबी झाली. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ, आणि त्यांतून डोकें वर काढतात न काढतात तों १८९९-१९०० चा दुसरा. पेरणीखालील क्षेत्र झपाट्यानें उतरलें. बियाणें नाहीं, बैल नाहीं, मजूर नाहीं. आणि गांवच्या उत्तम काळ्या शेतांत माणूस दिसेनासा होईल इतकें कांस. सरकारनें साऱ्यांत सूट दिली, तगाई दिली. पण तीं शेतें पूर्ववत्‌ होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. दुष्काळाची वार्ता वर्तमानपत्रांत येते ती माणसें मरतात तोंवर. त्यानंतर जमिनीला जें लागतें तें पडीकपण कोणाच्या नजरेंत भरत नाहीं.

झाशीच्या अनुभवावरून बुंदेलखंडांत पुढें एक शहाणपणाची तरतूद झाली. सारा तीस वर्षांकरितां एकदां बांधून मोकळें न होतां, लागवडींत असलेलें क्षेत्र पाहून दर पांच वर्षांनीं तो फिरवावयाचा असें ठरलें. कांस येतें आणि जातें, ही गोष्ट सरकारी हिशेबानें मान्य केली असा त्याचा अर्थ. तण काढण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ असतात; तण असतांना पोट कसें भरावें याचा विचार करणारे थोडे. त्या थोड्यांत या तरतुदीची गणना केली पाहिजे.

शेतकऱ्यांचे स्वतःचे उपाय दोन होते. पहिला उपाय वाट पाहण्याचा. कांस एकाच जागीं दहा-पंधरा वर्षें राहिलें म्हणजे हळूहळू विरळ होतें, दुसरीं गवतें त्याची जागा घेतात, आणि मग तें शेत मोडण्यास सोपें जातें, असा जुन्या लोकांचा अनुभव होता. ज्याच्या घरीं दुसरी जमीन आहे त्याला हा उपाय परवडे. एकाच तुकड्यावर ज्याचें पोट, त्याला पंधरा वर्षें थांबा म्हणणें ही क्रूर थट्टाच होय.

दुसरा उपाय बांधाचा, आणि तो खरोखर पाहण्यासारखा आहे. जबलपूर व नरसिंहपूर यांच्या मधल्या सपाट काळ्या मुलखाला हवेली म्हणतात. तेथें शेताच्या चारही बाजूंना मातीचे उंच बांध घालून पावसाचें सारें पाणी शेतांतच कोंडून ठेवीत. जुलैपासून सप्टेंबर अखेरपर्यंत शेताचें तळें होई. ऑक्टोबरांत पाणी सोडून देत, आणि वाफशावर गहूं किंवा हरभरा पेरीत. वर पाणी नाहीं, विहीर नाहीं, तरी कोंडलेल्या ओलीवर पीक येई. याच पाण्याखाली तणाचा श्वास कोंडे. कांस नदीकांठचें असलें तरी वाहत्या पुराची गोष्ट वेगळी आणि अडीच महिने साचलेल्या पाण्याची वेगळी. पानें वर येण्यापूर्वींच बुडालीं म्हणजे खालच्या खोडाला पोसणारें कोणी राहत नाहीं, आणि तें कुजतें. वखरानें जें काम दहा पाळ्यांत करावयाचें, तें येथें पाणी करी, आणि तेंही बैल गोठ्यांत बांधलेले असतांना. बांध घालण्यासाठीं सरकार तगाई देत असे. दोष एवढाच, कीं बांध घालण्यास आधीं भांडवल पाहिजे, जमीन सपाट पाहिजे, आणि शेजारी समंजस पाहिजे. कारण एकाचें सोडलेलें पाणी दुसऱ्याच्या शेतांतून जाणार. सागरच्या चढउताराच्या मुलखांत हवेली उभी राहूं शकली नाहीं.

तिसरा उपाय खोल नांगरटीचा. येथें महाराष्ट्राचा संबंध येतो. लाकडी नांगर जमीन फाडतो, परंतु ती उलथी करीत नाहीं. लोखंडी नांगर तास कापून पालथें घालतो, त्यामुळें खालचें खोड वर येऊन उन्हाळ्याच्या उन्हांत वाळतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं असा नांगर या शतकाच्या नव्हे, मागील शतकाच्या आरंभीं, १९०३ च्या सुमारास तयार केला. तेव्हां लोखंडानें जमिनीला विष चढतें अशी लोकांची समजूत होती, आणि पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. १९१० मध्यें औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली तीही निवडुंगानें माजलेल्या माळावर. पुढें हरळी व कुंद्याच्या रानांत लोखंडी नांगराचा उपयोग लोकांच्या डोळ्यांनीं पाहण्यांत आला, आणि विषाची गोष्ट मागें पडली. परंतु दोन-तीन जोड्यांनीं ओढावयाचा नांगर हरळीला पुरला, तरी कसलेल्या कांसाला पुरेना. उन्हाळ्यांत मारेची जमीन दगडासारखी होते, भेगा पडतात. त्या वेळीं ती उकरण्यास जनावराचें बळ थिटें पडतें. आणि पावसाळ्यांत उकरावी तर खोडें वाळत नाहींत, उलट तुकड्यांतुकड्यांनीं रुजतात.

बळ अखेर आलें तें अगदींच अनपेक्षित ठिकाणाहून. १९४२ मध्यें ब्रह्मदेश पडला, तेथला तांदूळ थांबला, आणि १९४३ मध्यें बंगालांत महाभयंकर दुष्काळ झाला. ‘अधिक धान्य पिकवा’ ही चळवळ सुरू झाली. पण धान्य पिकवावयाचें कोठें? तेव्हां मध्य हिंदुस्थानांतील कांसाखालच्या लाखों एकरांकडे लक्ष गेलें. ही जमीन जंगल तोडून नवी करावयाची नव्हती. ती पूर्वीं गहूं देत होती. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यानें मागें टाकलेले, विमानतळ व रस्ते करण्याचे साखळी-चाकांचे प्रचंड ट्रॅक्टर पडून होते. ते दुरुस्त करून त्यांना नांगर जोडावे, ही कल्पना निघाली, आणि मध्यवर्ती सरकारची ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षांत मध्य प्रांत, भोपाळ, मध्य भारत आणि संयुक्त प्रांतांतील बुंदेलखंड येथें तिच्या तुकड्या फिरूं लागल्या.

युद्धांतले ते जुने ट्रॅक्टर वारंवार बंद पडत, सुटे भाग मिळत नसत, आणि चालक तयार करण्यापासून आरंभ. म्हणून नव्या यंत्रांसाठीं परदेशीं चलन हवें होतें. सप्टेंबर १९४९ मध्यें जागतिक बँकेनें हिंदुस्थानाला या कामासाठीं एक कोटि डॉलरचें कर्ज मंजूर केलें. त्या बँकेनें या देशाला दिलेलें हें दुसरेंच कर्ज. पहिलें, महिनाभर आधींचें, रेल्वेसाठीं होतें. बडीं धरणें व कारखाने यांच्याही आधीं एका गवताच्या निर्मूलनासाठीं राष्ट्रानें परदेशीं कर्ज काढावें, यावरून त्या काळीं धान्याची किती चिंता होती हें दिसतें.

काम उन्हाळ्यांत चाले. होळीच्या सुमारास आरंभ, आणि पहिल्या पावसाबरोबर समाप्ति. यंत्राचा नांगर फूटभर किंवा त्याहून थोडा अधिक खोल जाई, आणि काळ्या मातीच्या मोठमोठ्या ढेपा उलथून टाकी. मुळें सहा फूट खोल असतांना फूटभर नांगरून काय होणार, अशी शंका घेणारे होते. परंतु अंकुर फोडणारें खोड बहुतेक वरच्या फूटभरांतच असतें. तें तुटून उन्हांत करपलें, म्हणजे खालचीं मुळें आपोआप निर्जीव होतात. दोन महिन्यांच्या वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हानें त्या ढेपा भाजून निघत, पावसानें विरघळत, आणि त्याच वर्षीं कार्तिकांत त्या शेतांत पंधरा-वीस वर्षांनीं गव्हाचें तिफण चाले. ज्या बापानें तें शेत सोडलें होतें, त्याच्या मुलानें तें पेरावें, असें पुष्कळ गांवीं घडलें. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरपर्यंत व त्यानंतर मिळून दहा लाखांहून अधिक एकर जमीन या संघटनेनें मोडली, आणि १९५९ च्या सुमारास ती बंद करण्यांत आली.

आंकडा मोठा आहे. पण आंकड्यानें सगळी गोष्ट सांगितली जात नाहीं. ट्रॅक्टर एकदां येऊन जाई. नांगरटीचा खर्च शेतकऱ्याच्या नांवें लिहिला जाऊन हप्त्यांनीं वसूल व्हावयाचा असे. यंत्र गेल्यावर राहिलेले तुकडे पुढील दोन-तीन पावसाळ्यांत वखरानें छाटीत राहण्याचें काम ज्याचें त्यानें करावयाचें. ज्याच्याजवळ दोन चांगल्या जोड्या होत्या त्याचें शेत कायमचें सुटलें. ज्याच्याजवळ एकच, तीही उसनवारीची, त्याच्या बांधाकडेला दुसऱ्याच वर्षीं हिरवे कोंभ दिसूं लागले. आणि एकाच्या शेतांत उरलेलें कांस शेजाऱ्याच्या शेतांत बीं उडवी. ज्या सातत्याच्या अभावीं हें तण आलें, तें सातत्य यंत्र विकत घेऊन देऊं शकत नव्हतें. त्यांतच १९५०-५१ मध्यें मध्य प्रदेशांत मालगुजारी रद्द झाली. ज्या पडीक शेताकडे मालगुजारानें कित्येक वर्षें ढुंकून पाहिलें नव्हतें, तें कसणाऱ्याच्या नांवें होण्याची आशा उत्पन्न झाली. आणि आपल्या नांवच्या शेतांत वखराची एखादी पाळी जास्त पडते, हें सांगावयास कृषितज्ज्ञ नको.

या गवताची एक दुसरीही बाजू आहे, ती सांगितल्याविना त्याला न्याय मिळणार नाहीं. कांस हें उसाचें सख्खें भाऊबंद. कोईमतूर येथें १९१२ मध्यें स्थापन झालेल्या ऊस-पैदास केंद्रांत बार्बर व वेंकटरमण या शास्त्रज्ञांनीं जाड, रसाळ उसाचा संकर याच रानगवताशीं घडवून आणला, आणि १९१८ मध्यें को. २०५ ही जात उत्तर हिंदुस्थानच्या शेतकऱ्यांच्या हातीं दिली. थंडी, अवर्षण व रोग यांना न डगमगण्याचा जो चिवटपणा गव्हाच्या शेतांत शाप ठरला, तोच उसांत वर ठरला. दख्खनच्या कालव्यांखालीं ज्या को. ४१९ नें साखर कारखाने चालविले, तिच्याही पूर्वजांत या गवताचें रक्त आहे. नगर-कोल्हापूरकडचा बागाईतदार सागरच्या शेतकऱ्याच्या वैऱ्याला असा नकळत पोशीत आला.

पुढें तणनाशकें आलीं. १९७० नंतरच्या दशकांत पानांवरून शोषून थेट जमिनीखालच्या खोडापर्यंत जाणारीं औषधें निघालीं, आणि जें काम उन्हाळ्याच्या उन्हाकडे होतें तें फवाऱ्याकडे गेलें. तथापि काळ्या मुलखांतून कांस हटलें त्याचें श्रेय एकट्या औषधाला देतां येणार नाहीं. त्याच सुमारास मध्य प्रदेशांत सोयाबीनची लागवड पसरली. जीं शेतें शेंकडों वर्षें पावसाळ्यांत मोकळीं राहत होतीं, त्यांत आषाढांतच पीक उभें राहूं लागलें. पेरणी, कोळपणी व निंदणी यांच्यासाठीं त्याच अडीच महिन्यांत शेतांत माणूस व अवजार वावरूं लागलें, आणि कांसाला मोकळें रान उरलें नाहीं. हवेलीचे बांधही त्याच पिकासाठीं ठिकठिकाणीं फोडले गेले, कारण सोयाबीनला साचलेलें पाणी सोसत नाहीं. कांस आतां बहुतेक नदीकांठीं, ओढ्यांच्या कडेला व रेल्वेच्या भरावांवर दिसतें. भाद्रपद संपतां संपतां त्याला पूर्वींसारखेच तुरे येतात.